डांबर संपायचं तिथं

"बगतोस काय नुसता? हात लाव!"

चारू माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती अशी. ओळख ना पाळख, थेट अरेतुरे.

मी टेम्पोच्या सावलीत बसून पाव खात होतो. करंजपाड्याकडं जाणारं डांबर तेव्हा आमच्या शेताच्या बांधाला येऊन संपायचं. पुढं लाल माती, मग ओहोळ, मग चढ. तळोज्याच्या कारखान्यांमागं डोंगराच्या पायथ्याशी असं एक गाव आहे, हे खारघरच्या नव्या बिल्डिंगींतल्या लोकांना माहीतही नव्हतं. तिथं कोणीतरी घर बांधत होता. त्याच्या विटा घेऊन मी गेलो होतो. टेम्पो पुढं जाईना, तेव्हा विटा तिथंच उतरवल्या आणि बसलो.

तर समोर ही. डोक्यावर काकड्यांनी भरलेली पाटी, दोन्ही हात पाटीला, ओढणी कमरेला बांधलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. मान जराही हलत नव्हती. फक्त डोळे हलत होते, आणि ते माझ्यावर रागावलेले होते.

आमच्याकडं बाईच्या डोक्यावरची पाटी उतरवायला बाईच हात लावते. परक्या पुरुषानं लावायचा नाही. तिच्याबरोबरच्या बाया ओहोळाशी मागं राहिल्या होत्या. ओहोळाला पाणी होतं.

"मी... मी कसा लावू?"

"कसा म्हंजे? हातानं."

"तसं नाय. कोन बगितलं तर..."

"कोन बगनार? तू, मी न् तुजा टेम्पो. टेम्पो सांगनार हाय का गावभर?"

पाव तोंडात धरून मी उठलो. दोघांनी मिळून पाटी खाली घेतली. खाली घेताना तिचा चेहरा अगदी माझ्यासमोर आला. कपाळावर चुंबळीच्या कापडाचा वळ उठला होता. घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता, पडत नव्हता.

"पाव पडंल," ती म्हणाली.

पडलाच. चिखलात. आणि ती हसली. इतकी हसली की नाकावरचा थेंबही पडला.

पाटीतली एक कोवळी काकडी तिनं ओढणीला पुसली आणि माझ्या हातात दिली. "घे. तुज्या पावाची भरपाई."

"कुठं चाललीस एवढी घेऊन?"

"कुठं जानार? इथंच. यापारी येतो, म्हनतो मोडकी हायत, न् म्हनंल त्या भावानं उचलून नेतो. आमच्या मालानं वाशीचं मार्केट कवा बगितलंच नाय. चालत इथवर येईस्तोवर ऊन वर येतं, मार्केट उठतं."

मी म्हणालो, "मी वाशीलाच चाललोय. टेम्पो रिकामा हाय."

मी घरी चाललो होतो. घर तिथून दिसत होतं.

तिनं टेम्पोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "रिकामा टेम्पो वाशीला कनाला चाललाय?"

"...हवा खायला."

"आनि भाडं?"

"एक काकडी दिलीस ना."

"फुकट काय नको. पडवळासारखा लांब हाईस, अक्कल पन तेवढीच पोकळ." मग थोडं थांबून, दुसरीकडं बघत, "उद्या पन जानार हाईस का हवा खायला?"

गेलो. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. भाजीचा मोसम संपेपर्यंत रोज सकाळी मी डांबर संपायचं तिथं टेम्पो लावून उभा राहायचो.

चारूलता तिचं नाव. आईवडील म्हातारे असताना झालेली शेंडेफळ, थोरल्या बहिणींची लग्नं झालेली. वडील वारले होते. आई यशोदाबाई. आमच्या आगरी लग्नांत धवला म्हणणारी धवलारीण असते, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. पाचपन्नास गावांतली लग्नं यशोदाबाईनं लावली होती. आवाज अजून खणखणीत होता, गुडघे गेले होते. म्हणून शेत चारू बघायची. काकडी, शिराळी, कारली, पडवळ. वेल मांडवावर चढवायचे आणि पावसाळाभर तोडत राहायचं. करंजपाड्यातल्या सगळ्या बाया हेच करायच्या. एकीची तोड असली की बाकीच्या हात लावायला जायच्या, दुसऱ्या दिवशी दुसरीकडं. पैसे कोणी कोणाला द्यायचं नाही.

टेम्पोत पुढं दोन बाया बसायच्या, चारू मधे. गिअर टाकायला हात नेला की ती गुडघा बाजूला घ्यायची. पुढंपुढं थोडा उशिरा घ्यायला लागली. मीही गिअर जरा जास्तच बदलायला लागलो.

"इंजिन बिघडलंय काय रे तुजं?" ती समोर बघून विचारायची.

"हो. बरेच दिवस झाले."

"गॅरेजला दाखव मंग."

"गॅरेजवालीच बाजूला बसलीय, ती बगत नाय."

पलीकडच्या बाईला खोकला यायचा. आम्ही दोघं समोर बघायचो.

पण चारूच्या डोक्यात माझ्याआधी रस्ता होता. मला ते लवकर कळलं. बोलणं कुठूनही सुरू होवो, तिथंच जायचं. ओहोळ चढला की दोन दोन दिवस तोडलेला माल घरात पिवळा पडायचा. पाटीत वरची काकडी खालच्या काकडीवर आदळून मोडायची. मागच्या वर्षी एका बाईचा पाय घसरला, कंबर गेली, ती अजून खाटेवर होती. हे सगळं चारू पाठ केल्यासारखं सांगायची. पनवेलच्या ऑफिसात ती इतक्या वेळा गेली होती की तिथला शिपाई तिला चहा द्यायचा. साहेब काही द्यायचे नाहीत.

एकदा पाऊस जोरात आला. बाया मागं अडकल्या. आम्ही दोघं टेम्पोत काचा लावून बसलो. काचांवर वाफ धरली होती. तिनं बोटानं काचेवर रेघ काढली. खालून वर, वळत वळत.

"हा रस्ता," ती म्हणाली. "हितून आमचा मांडव. टेम्पो इथवर येनार, थेट वेलाखाली. वरून तोडायची, खाली ठेवायची. डोकं मधे नाय न् पाटी पन नाय."

"मला नको तुजा रस्ता."

ती वळली. "काय?"

"तुजा रस्ता झाला की यापाऱ्यांचे मोठे पिकअप तुज्या दारात येतील. मग तू इथं कनाला येशील? मी कोनाच्या पाटीला हात लावू?" बोलून गेलो. "...मला हाच रस्ता बरा हाय. वाईटच राहू दे."

ती काचेकडं वळली. काचेवरचा रस्ता ओघळून खाली आला होता.

"एवढं वाईट वागनारा मानूस मी बगितला नाय," ती म्हणाली. "आमची भाजी कुजली तरी चालंल, पन मी इथं दिसली पायजे."

"हो."

"लाज नाय वाटत?"

"नाय."

"...आनिक एकदा बोल."

"काय? लाज नाय ते?"

"त्याच्या आधीचं."

मी परत सांगितलं. या वेळी तिच्याकडं बघून. ती खाली बघत ओढणीचं टोक पिळत होती. टोकातून पाणी निघत होतं, तरी पिळत होती.

त्याच हिवाळ्यात रस्ता मंजूर झाला. इंजिनिअर आले, लाल झेंड्या रोवल्या, चुन्याची रेघ मारली. जुनी वाट ओहोळातून होती म्हणून रस्ता वरून वळवला. ओहोळावर लहान पूल. गावरस्त्यांच्या या सरकारी योजनेत जमिनीचे पैसे मिळत नाहीत. ज्याच्या शेतातून रस्ता जाईल त्यानं मर्जीनं जागा द्यायची. एकानं नाही म्हटलं की रस्ता तिथं थांबला. करंजपाड्याच्या लोकांनी सगळ्यांनी दिली. चारूनं स्वतःचा एक मांडव उपटून दिला.

ती मोजणीच्या मागं मागं चालत खाली आली आणि डांबर संपायचं तिथं थांबली. मी टेम्पोपाशी होतो.

"ही शेवटची रेघ कोनाच्या शेतातून गेली?"

मला माहीत होतं. सकाळीच बघितली होती. "...आमच्या."

ती खूष झाली. "मंग झालंच की!"

"बाबा नाय द्यायचे."

माझे वडील, गंगाराम. तापट नव्हते, पण एकदा नाही म्हटलं की नाही. त्यांच्या वडिलांची खाडीकाठची सगळी शेती शहर बांधायला गेली होती. हाच एक डोंगराकडचा तुकडा उरला होता. मी घरी विषय काढला तेव्हा ते भात जेवत होते. हात थांबला नाही.

"शहरासाठी घेतली तवा पन हेच बोलले. तुमच्या भल्याचं हाय. भलं झालं. भात करनारे आमी, आता भात विकत आनतो. आता ही पन देऊ?"

"बाबा, कडेची पट्टी हाय नुसती. गावाची भाजी मार्केटला जाईल."

"जाईल ना. भाजी घेऊन रस्ता जाईल. पन रस्ता परत येतो तवा रिकामा येत नाय, शिवा."

मला राग आला. म्हातारा माणूस, नवीन काही नको असतं, असं वाटलं.

चारूला मी बाबांचा नकार तेवढा सांगितला. तिचा चेहरा उतरला, पण ती भांडली नाही. म्हणाली, "त्यांच्याशी नको भांडूस. जमीन त्यांची हाय. मी रोज दिसली की तू भांडनारच." आणि दुसऱ्या दिवसापासून ती टेम्पोकडं आली नाही. काकडीचा मोसम संपला तरी वालाच्या शेंगा निघत होत्या, तिची पाटी दुसरीच बाई आणायची. मी विचारलं की म्हणायची, चारू कामात हाय. मी रोज तिथं उभा राहायचो. दुसऱ्या बायांच्या पाट्यांना दुसऱ्या बाया हात लावायच्या. मी बघत राहायचो.

मग एके सकाळी यशोदाबाई काठी टेकत आमच्या ओटीवर आली. त्या गुडघ्यांनी ती डोंगर उतरून आली होती. बाबा उठून उभे राहिले. धवलारीण दारात आली की उठावंच लागतं.

"बस, गंगाराम. पानी दे."

बाबांनी स्वतः पाणी आणलं.

"तुज्या लग्नात धवला कोनी म्हनला?"

"तुमी, बाय."

"मान काय दिलास मना?"

बाबा आठवायला लागले. "साडी... नारळ, तांदूळ..."

"नारळ घेतला मी. साडी-तांदूळ घेतले नाय. त्या वर्षी तुमचं भात बुडलं व्हतं. तुजा बाप ओशाळला. मी म्हनली, राहू दे, लागंल तवा मागीन. हाय ध्यानात?"

बाबांनी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. ध्यानात होतं.

"धवलारणीचा मान ज्या घरात राहिला, त्या घरात पुढचं लगीन लागत नाय," यशोदाबाई म्हणाली आणि काठी माझ्याकडं वळवली. "हा बग. केवडा वाढलाय. लागलं काय याचं अजून?"

मी दाराआड होतो. पूर्ण लपलो नव्हतो, कारण लांब आहे.

बाबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक. ते खाली बसले.

"काय पायजे, बाय?"

"चुन्याची रेघ गेलीय तेवढी पट्टी."

बाबांनी दारातून शेताकडं बघितलं. मग बाबा आत गेले, नारळ घेऊन आले आणि तिच्या हातात दिला. "पट्टी घ्या. मान नाय ठेवायचा घरात," एवढंच म्हणाले. जेवले नाहीत त्या दिवशी.

मला वाटलं, आता सगळं सोपं झालं. टेम्पो घेऊन उडतच गेलो. चारू मांडव बांधत होती. सुतळी दातात धरलेली होती. मी बोलायच्या आधी तीच बोलली.

"आयेनं लगीन मधे कनाला आनलं?"

"बरं झालं ना! आता काय अडचन हाय?"

"गावात काय बोलतात ठाऊक हाय? पोरगी दिली न् रस्ता घेतला." सुतळी तिनं तोडली. "मी काय रस्त्याच्या बदल्यात देयाची वस्तू हाय?"

"मी असं कधी..."

"तू नाय बोललास. म्हनून तर तुज्याशी बोलते. ऐक. रस्ता होऊ दे. डांबर पडू दे. भाजी मार्केटला पोचू दे. सगळं झालं की मंग विचार. तवा मी रस्त्यासाठी हो बोलली असं कोनी बोलायचं नाय."

"आनि तोवर?"

"तोवर मांडव बांध. ती काठी धर."

मी काठी धरली. आमच्याकडं लग्नात मुलीला तिच्या घरचे भांडीकुंडी देतात, त्याला आंदण म्हणतात. गावातली पोरं मला चिडवायची, शिवानं उलटं आंदण दिलं, नवऱ्या मुलाकडून रस्ता. मी हसायचो. चारू हसायची नाही.

रस्ता व्हायला पावसाळा आला. पहिल्या तोडीच्या सकाळी मी टेम्पो वर नेला, पूल ओलांडून, चढ चढून, थेट तिच्या मांडवाखाली. यशोदाबाईनं बॉनेटला हळदकुंकू लावलं. बायांनी पाट्या भरल्या, सरळ टेम्पोत ठेवल्या. डोक्यावर कोणी घेतली नाही. एक म्हातारी मोकळ्या डोक्यावरून हात फिरवत नुसती उभी राहिली होती.

चारू पुढं बसली. एकटीच. बाकीच्या बाया म्हणाल्या, आम्ही मागं बसतो. मागं जागा नव्हती.

खाली आल्यावर ती म्हणाली, "थांबव."

थांबवला. ती उतरली, मीही उतरलो. आमचा बांध तिथंच होता, पण रस्ता आता थांबत नव्हता. काळाभोर, पावसानं धुतलेला, दोन्हीकडं सारखा.

"इथं संपायचं ना डांबर?"

"हो. इथंच माजा पाव पडला."

ती उभी राहिली. डोक्यावर पाटी नव्हती तरी मान तशीच ताठ. पाऊस बारीक पडत होता. मी शब्द जुळवत होतो. रात्री जुळवले होते ते सगळे गेले होते.

"बगतोस काय नुसता?" ती हळू म्हणाली.

"चारू... हात लावू?"

तिनं हात पुढं केला. चिकामुळं काळा पडलेला, काकडीच्या लवीनं खरखरीत झालेला. मी तो धरला. मागं बाया हसत होत्या. त्या दिवशी वाशीच्या मार्केटला आमचा माल वेळेत पोचला. व्यापाऱ्यानं काकडी मोडून बघितली आणि विचारलं, कुठल्या गावची? चारू मोठ्यानं म्हणाली, "करंजपाडा." आजूबाजूच्या चार जणांनी वळून बघितलं, इतक्या मोठ्यानं.

लग्न झालं. धवला सासूनंच म्हटला. चारू नांदायला माझ्या घरी आली, पण रोज सकाळी माझ्या टेम्पोतून वर शेतावर जायची. बाबांशी तिचं चांगलं जमलं. मूल झालं नाही. ते दोघांनी फारसं बोलून दाखवलं नाही.

चांगली वर्षं गेली. लिहिण्यासारखं त्यात फार नाही. सकाळी भाजी, दुपारी जेवण, संध्याकाळी ओटीवर चहा. तिला टेम्पोत झोप लागायची आणि डोकं माझ्या खांद्यावर पडायचं. मी तेव्हा गिअर बदलायचो नाही. इंजिन कण्हायचं.

मग रस्ता परत यायला लागला.

आधी विपुलशेठ आले. जमिनीचे दलाल. पांढरी गाडी करंजपाड्यापर्यंत आरामात चढली. रस्ता नसता तर ती गाडी आमच्या बांधापाशीच थांबली असती. त्यांनी सांगितलं, शहरातल्या लोकांना शनिवार-रविवारसाठी बंगले पाहिजेत, डोंगर पाहिजे, हिरवं पाहिजे. एकानं विकलं. मग त्याच्या भावानं. त्यांना तरी काय बोलायचं... पाट्या वाहून माना मोडलेली माणसं. पोरांना नोकऱ्या नव्हत्या, घरं गळत होती. भाव चांगला होता.

वाईट हे की ते सगळे चारूला पेढे द्यायला आले. खरंच आले. "पोरी, तुज्यामुळं झालं. तू रस्ता आनलास म्हनून आमच्या जमिनीला भाव आला." पाया पडायचेच तेवढे राहिले. एक म्हातारी तर तिच्या गालावरून हात फिरवून रडली.

चारूनं पेढे घेतले. सगळ्यांना चहा दिला. ते गेल्यावर पेढ्यांचे पुडे तिनं ओटीच्या कठड्यावर ठेवले. कावळे आले तरी हाकलले नाहीत.

"बाबा बोलले व्हते ना?" ती म्हणाली. बाबा तोवर वारले होते. "तू मना सांगितलं नव्हतंस, त्यांनी सांगितलं. रस्ता रिकामा परत येत नाय."

"कधी बोलले?"

"पयल्या वर्षी. मी हसली व्हती."

"विकायची का आपन पन?" मी विचारलं. यशोदाबाईही तोवर नव्हती. शेत चारूच्या नावावर झालं होतं.

"तुज्या बापानं शेत दिलं ते भाजीसाठी. बंगल्यासाठी नाय." मग जरा हसली. "आनि मी विकली तर तू कोनाला घेऊन वाशीला जाशील? हवा खायला?"

तिच्या शेताच्या तिन्ही बाजूंनी प्लॉटच्या भिंती उभ्या राहिल्या. भिंतींनी ओहोळाकडं जाणारं पाणी अडवलं, ते तिच्या मांडवाखाली साचायला लागलं. रिकाम्या प्लॉटांत गवत माजलं, गवतात उंदीर. आणि तोडीला हात लावायला कोणी उरलं नाही. ज्या बाया एकमेकींच्या शेतात जायच्या, त्या आता त्याच बंगल्यांत लादी पुसायला जायच्या. चारू एकटीच साचलेल्या पाण्यात उभी राहून तोडायची. मी टेम्पो लावून तिला मदत करायचो, पण दुपारी माझी दुसरी भाडी असायची.

मागच्या पावसाळ्यात तिला ताप आला. गोळी घेतली, उतरला, परत आला. मी म्हटलं, दवाखान्यात चल. म्हणाली, ही तोड होऊ दे, काकडी जून होईल. आणखी कोण तोडणार होतं? मी तोडायला बसलो तर म्हणाली, "तुला येत नाय, वेल ओढतोस." तिसऱ्या की चौथ्या सकाळी मांडवाखाली खाली बसली आणि उठली नाही. डोळे पिवळे झाले होते.

मी तिला उचलून टेम्पोत ठेवलं. पुढं, माझ्या बाजूला. डोकं खांद्यावर घेतलं. त्या दिवशी मात्र गिअर बदलले. चढ उतरलो, पूल ओलांडला, आमच्या बांधापाशी आलो. कुठं खड्डा नाही. कुठं धक्का नाही.

तिनं डोळे उघडले. बाहेर बघितलं. कुठं आलो ते तिला कळलं.

"किती गुळगुळीत हाय रे..." ती म्हणाली. "काकडी पन हलनार नाय."

"बोलू नकोस."

"तुला नको व्हता ना हा?"

"मला तू पायजे व्हतीस."

"मंग मिळाली की." थोडं थांबून, "लाज नाय वाटत?"

"नाय," मी म्हटलं.

ती हसली. नंतर फार बोलली नाही.

दवाखान्यात लगेच पोचलो. डॉक्टर म्हणाले, लेप्टो आहे, उंदरांच्या लघवीनं खराब झालेल्या पाण्यातून होतो, मूत्रपिंडं गेलीत. दोन दिवस आधी आणायला हवं होतं. आमच्याकडं कोणी असं गेलं की लोक म्हणायचे, रस्ता नव्हता, वेळेत पोचलो नाही. आयुष्यभर रस्त्यालाच बोल लावला. या वेळी ती सोयही नव्हती. रस्ता चांगला होता.

दोन दिवसांनी ती गेली.

विपुलशेठ दहाव्याला आले. हात जोडले. चहा पिऊन झाल्यावर, हळूच, शेताचं काय करायचं ठरवलंय असं विचारलं. मी म्हटलं, बघतो.

या पावसाळ्यात मी काही पेरलं नाही. पण गेल्या वर्षीची जून होऊन पडलेली काकडी होती, तिच्या बिया आपोआप उगवल्या. मोडक्या मांडवावर वेल चढले. परवा गेलो तर काकड्या लोंबत होत्या. मी तोडल्या. वेल न ओढता, ती सांगायची तशा. पाटी भरली. तिचीच पाटी, मांडवाच्या खांबाला अडकवलेली होती.

टेम्पो बाजूलाच उभा होता. पाटी उचलून आत ठेवली की झालं. पण मला वाटलं, एकदा डोक्यावर घेऊन चालत जावं. खाली, डांबर संपायचं तिथवर. ती कशी यायची ते बघावं. चुंबळ केली, वाकलो, पाटी धरली. गुडघ्यापर्यंत आली. परत धरली. छातीपर्यंत आली आणि पुढं जाईना. भरलेली पाटी एकट्यानं डोक्यावर चढत नाही. दुसऱ्यानं हात लावावाच लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

पाटी छातीशी धरून मी तसाच उभा राहिलो. भिंतीपलीकडं कोणाच्या तरी बंगल्यात पाण्याची मोटर चालू होती.

मग पाटी टेम्पोत ठेवली आणि निघालो. वाशीपर्यंत एकही काकडी मोडली नाही.